हजाऱ्यांचा करंडक आणि हजाऱ्यांचे तीन संघ

रणजी करंडकाचा १९३९-४० चा हंगाम. पुण्यात महाराष्ट्र आणि बडोदे यांचा सामना. महाराष्ट्राचे कर्णधार प्रा. दिनकर बळवंत देवधर, तेव्हा वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. त्यांच्या संघातला सांगलीचा एक अबोल तरुण त्या सामन्यात बडोद्याच्या गोलंदाजांना दाद देईना. त्याने नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय फलंदाजाने प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये काढलेले ते पहिले त्रिशतक. तो तरुण म्हणजे विजय सॅम्युअल हजारे. पुढे दीड-दोन वर्षांतच हजारे बडोद्यास आले आणि कायमचे बडोदेकर झाले. ज्यांनी आपल्याला इतके बदडले त्यांनाच आपल्या घरात आणावे, हा व्यवहार बडोद्याच्या दरबाराला चांगला कळत होता.

हा सामना आठवायचे कारण वेगळे आहे. आज भारतात पन्नास षटकांच्या क्रिकेटचे दोन राष्ट्रीय करंडक माहीत आहेत. विभागांचा तो देवधर करंडक, आणि राज्यांच्या व इतर सर्व रणजी संघांचा तो विजय हजारे करंडक. म्हणजे या दोन्ही करंडकांची नावे पुण्याच्या त्या एका धावफलकावर, एकाच संघात होती. गंमत अशी, की दोघांपैकी एकानेही एकदिवसीय क्रिकेट खेळलेले नाही. दोघेही तीन-तीन, चार-चार दिवस चालणाऱ्या क्रिकेटचे. दिवस मावळताना ‘उद्या पाहू’ म्हणत बॅट काखेत घालून तंबूत परतणारी ती पिढी.

देवधर मास्तरांची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून द्यायला नको, तरी नव्या पिढीसाठी चार ओळी. जन्म १४ जानेवारी १८९२, पुणे. पेशाने संस्कृतचे प्राध्यापक. १९२६ मध्ये गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा काढल्या, आणि हिंदी खेळाडू इंग्रजांच्या बरोबरीने खेळू शकतात हे लोकांना दिसले. भारताला कसोटीचा दर्जा मिळाला तेव्हा ते चाळिशीत होते, त्यामुळे कसोटीची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही. पण त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या आणि बावन्न वर्षांचे असताना नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके झळकावली. त्यांच्या मुलींनी बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेतेपदे घरी आणली. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी ते गेले.

त्यांच्या नावाचा करंडक १९७३-७४ मध्ये सुरू झाला तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते. स्वतःच्या नावाची स्पर्धा वीस वर्षे डोळ्यांनी पाहण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. या तारखेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला १३ जुलै १९७४ रोजी, लीड्सला, अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली. म्हणजे देवधर करंडक त्याच्या आधीचा. भारताला मर्यादित षटकांचे वावडे होते, आपण ते फार उशिरा स्वीकारले, असे सरसकट बोलले जाते. इंग्लंडच्या कौंटी संघांनी १९६३ पासूनच हा प्रकार चालवला होता हे खरे. पण आपल्या नियामक मंडळाने निदान स्पर्धा तरी वेळेवर सुरू केली होती.

वेळेवर सुरू झाली, पण पुरेशी नव्हती, असे माझे मत आहे. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि मध्य असे पाच विभाग. सुरुवातीची वर्षे बाद पद्धत. पाच संघांच्या बाद फेरीत सामने होतात चार. म्हणजे एवढ्या मोठ्या देशाच्या या राष्ट्रीय स्पर्धेत चार सामने! पश्चिम विभागाच्या संघात मुंबई, महाराष्ट्र, बडोदे, गुजरात आणि सौराष्ट्र अशा पाच संघांतून अकरा जण निवडायचे. मुंबईचे सात-आठ जण घेतल्यावर उरलेल्या जागांसाठी बाकी चौघांची रांग. बडोद्याच्या मैदानावर वाढणाऱ्या मुलाला एकदिवसीय सामना म्हणजे काय हे कळायचे, ते रेडिओवरून.

याचा परिणाम ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर साऱ्या जगाने पाहिला. पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडच्या साठ षटकांत ४ बाद ३३४ धावा. उत्तरादाखल भारताच्या साठ षटकांत ३ बाद १३२. सुनील गावसकर १७४ चेंडूंत नाबाद ३६. या नाबाद ३६ वर आजवर इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याची गरज नाही. त्या डावात २२ धावा करणारे दुसरे फलंदाज मात्र विस्मरणात गेले. ते होते बडोद्याचे अंशुमन गायकवाड. त्यांचे वडील दत्ताजीराव गायकवाड भारताचे कर्णधार होते आणि १९५७-५८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने रणजी करंडक जिंकला होता. २०२४ या एका वर्षात, फेब्रुवारीत वडील आणि जुलैअखेर मुलगा असे दोघेही बडोद्याने गमावले. लॉर्ड्सवरच्या त्या दिवशी खेळाडूंना धावा करता येत नव्हत्या असे नाही. साठ षटकांचा डाव बांधायचा कसा, हे शिकायला घरी शाळाच नव्हती.

मधल्या काळात, १९७७-७८ पासून, विल्स करंडक आला. सिगारेट कंपनीच्या पैशावर चाललेली ती स्पर्धा आज कुणाला आठवत असेल तर ती जाहिरातींमुळे. आणि मग २५ जून १९८३. कपिलदेवच्या हातातला चषक पाहून देशातली गल्ली न् गल्ली एकदिवसीय झाली. आपल्या दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत मुले वीस-वीस षटकांच्या मॅचेस खेळू लागली. मात्र रणजी खेळणाऱ्या संघांना आपापसात एकदिवसीय सामने खेळायला मिळण्यासाठी आणखी दहा वर्षे जावी लागली. विश्वचषक जिंकलेल्या देशात हे असे घडले, याचे मला आजही नवल वाटते.

ती स्पर्धा १९९३-९४ मध्ये सुरू झाली. रणजी संघांनी आपापल्या विभागात साखळी सामने खेळायचे, आणि विभागाचा विजेता ठरला की थांबायचे. पुढे काही नाही. पश्चिमेचा विजेता दक्षिणेच्या विजेत्याशी भिडणार नाही. कुस्तीच्या आखाड्यात प्रत्येक पेठेने आपला पहिलवान निवडावा आणि शेवटची कुस्तीच लावू नये, तसा हा प्रकार. नऊ हंगाम तो चालला. २००२-०३ मध्ये प्रथमच संपूर्ण देशाचा एक विजेता ठरवण्यात आला. तो मान तमिळनाडूचा. पुढच्या वर्षी मुंबई जिंकली, त्याच्या पुढच्या वर्षी तमिळनाडू आणि उत्तर प्रदेश संयुक्त विजेते ठरले. २००७-०८ मध्ये या स्पर्धेला विजय हजाऱ्यांचे नाव दिले गेले. देवधरांसारखे भाग्य हजाऱ्यांना लाभले नाही. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यातच त्यांचे निधन झाले होते.

आता शीर्षकातल्या तीन संघांकडे येतो. सांगलीत एका शिक्षकाच्या मोठ्या कुटुंबात ११ मार्च १९१५ रोजी जन्मलेले हजारे आधी महाराष्ट्राकडून खेळले. मग सेंट्रल इंडियाकडून. संस्थानिकांच्या आश्रयामुळे त्यांना ऑस्ट्रेलियाचे लेग-स्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन मिळाले. बॅट धरण्याची हजाऱ्यांची तऱ्हा पुस्तकातली नव्हती, पण ग्रिमेटने ती बदलण्याच्या भानगडीत न पडण्याचे शहाणपण दाखवले. १९४१ पासून प्रतापसिंहराव महाराजांच्या कारकिर्दीत ते बडोद्याचे झाले आणि पुढे वीस वर्षे बडोद्याकडून खेळले.

त्या वीस वर्षांतले दोन डाव सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत १९४३-४४ साली ‘रेस्ट’ संघाकडून हिंदूंविरुद्ध खेळताना संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांच्या! त्यातही धाकटे बंधू विवेक यांच्याबरोबर तीनशे धावांची भागी, ज्यात विवेकचा वाटा २१. भावाने एक बाजू धरून ठेवायची आणि दादाने डाव ओढून न्यायचा. दुसरा डाव बडोद्यातला, मार्च १९४७, होळकर संघाविरुद्ध रणजीचा अंतिम सामना. होळकर २०२ त आटोपले, पण बडोद्याचीही अवस्था ३ बाद ९१ होती. तिथून हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी रचली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याच्या ७८४ धावा झाल्या आणि एक डाव व ४०९ धावांनी करंडक घरात राहिला. प्रथम श्रेणीतला हा भागीदारीचा जागतिक विक्रम २००६ पर्यंत, तब्बल एकोणसाठ वर्षे बडोद्याच्या नावावर होता. जुन्या बडोदेकरांच्या घरी पोटभर जेवण झाल्यावर निघणारा हा विषय. पाच महिन्यांनी फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानचे झाले आणि १९५६ मध्ये त्या देशाकडून एक कसोटीही खेळले.

कसोटीतले हजारे सर्वांना ठाऊक आहेत. १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध ११६ आणि १४५. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडवर मिळवलेल्या भारताच्या पहिल्या कसोटी विजयाचे कर्णधारही तेच. तीस कसोटींत २१९२ धावा, सात शतके.

अशा माणसाच्या नावाच्या करंडकावर विजेत्यांची नावे वाचत गेलो की एक गोष्ट डोळ्यांत खुपते. महाराष्ट्र, सेंट्रल इंडिया आणि बडोदे हे हजाऱ्यांचे तीन संघ. सेंट्रल इंडियाचा वारसा पुढे होळकर, मग मध्य भारत आणि अखेर मध्य प्रदेशाने चालवला. २००२-०३ पासून २०२४-२५ पर्यंतच्या तेवीस हंगामांत या तिघांपैकी एकाचेही नाव विजेत्यांत नाही. कर्नाटक आणि तमिळनाडू पाच-पाच वेळा, त्यातले तमिळनाडूचे एक विजेतेपद संयुक्त. मुंबई चार वेळा. पुणे, इंदूर, बडोदे यांच्या रकान्यात शून्य. हैदराबाद आणि गोवा यांच्या नावापुढेही शून्यच आहे, त्यामुळे तिथल्या आपल्या बांधवांनी आम्हाला हसू नये.

परप्रांतीय मित्राला एक गोष्ट नेहमी समजावून सांगावी लागते. एका गुजरातेत तीन संघ कसे? गुजरात, सौराष्ट्र आणि बडोदे. आणि एका महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ असे तीन? क्रिकेटचा नकाशा भाषावार प्रांतरचनेच्या आधीचा आहे, हे त्याचे उत्तर. राज्ये १९५६ आणि १९६० मध्ये नव्याने आखली गेली, पण क्रिकेट संघटनांच्या सीमा संस्थानांच्या आणि जुन्या प्रांतांच्या काळातल्या राहिल्या. आपण ज्या बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलो, ते संस्थान सरकारी नकाशावरून १९४९ मध्ये पुसले गेले. धावफलकावर मात्र ते अजून ‘बडोदे’ म्हणून उभे आहे. होळकरांचे नाव संघ म्हणून गेले, इंदूरच्या स्टेडियमवर राहिले. इंदूरच्याच सय्यद मुश्ताक अलींच्या नावाने वीस षटकांची राष्ट्रीय स्पर्धा चालते, आणि ती बडोद्याने २०११-१२ व २०१३-१४ अशी दोनदा जिंकली आहे. इंदूरकरांचा करंडक आम्ही आणला, आमचा मात्र आमच्याकडे येत नाही!

आमच्याकडे नाही आला, पण गेला कुठे-कुठे ते पाहण्यासारखे आहे. हजाऱ्यांचे नाव मिळाले त्याच वर्षी सौराष्ट्राने तो जिंकला. २०१०-११ मध्ये झारखंडने. हे राज्यच मुळी २००० साली जन्मलेले. २०१५-१६ मध्ये पार्थिव पटेलच्या गुजरातने दिल्लीला हरवले, त्या अंतिम सामन्यात पार्थिवचे शतक आणि जसप्रीत बुमराहचे पाच बळी होते. २०२१-२२ मध्ये हिमाचल प्रदेशाने तमिळनाडूला नमवले. प्रकाश कमी झाल्याने खेळ थांबला तेव्हा हिमाचल ११ धावांनी पुढे होता. हा हिशोब ज्या पद्धतीने झाला ती ‘व्हीजेडी’ पद्धत केरळचे अभियंते व्ही. जयदेवन यांची. बाकी जग डकवर्थ-लुईसच्या कोष्टकावर चालते, आपले देशी क्रिकेट केरळी कोष्टकावर. २०२३-२४ मध्ये हरियाणा प्रथमच विजेता झाला. रणजी करंडकात ज्यांना मोठ्यांच्या पंक्तीत बसायला अनेक दशके लागली, त्यांना पन्नास षटकांच्या खेळाने लवकर पान वाढले. चार दिवसांच्या सामन्यात बलाढ्य संघ एखादी चूक सावरून घेतो. एका दिवसात तेवढी सवड नसते. म्हणून माझ्या मते या स्पर्धेचे खरे काम विभागांच्या भिंती पाडण्याचे आहे. २००२ पूर्वी झारखंडचा मुलगा सगळा पूर्व विभाग जिंकूनही देशाला दिसला नसता.

२०१८-१९ मध्ये तर दारे आणखी उघडली. बिहार परत आला आणि ईशान्येच्या राज्यांसह एकूण नऊ संघ नव्याने दाखल झाले. त्यांच्यासाठी प्लेट गट होता. त्याच हंगामात या स्पर्धेतले पहिले द्विशतक झाले, ते मुंबई-दिल्लीच्या कुणाचे नव्हे, तर नवागत उत्तराखंडच्या कर्ण कौशलचे. सिक्कीमविरुद्ध २०२, आणि तेही बडोद्याहून हाकेच्या अंतरावरच्या नडियादला. त्यानंतर सतरा वर्षांच्या यशस्वी जयस्वालने २०३ आणि पृथ्वी शॉने नाबाद २२७ धावा केल्या. मग २०२२ मध्ये नव्या-जुन्यांना एकाच गटात घातले आणि २१ नोव्हेंबरला बंगळुरूत तमिळनाडूने अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ५० षटकांत २ बाद ५०६ धावा केल्या. एकट्या नारायण जगदीशनच्या २७७. अरुणाचल ७१ त सर्वबाद. विक्रमांच्या वहीत हा सामना झळकतो, पण मला त्यात आनंद वाटला नाही. नवख्यांना संधी द्यावी, हे खरेच. पण त्यांना पाचशे धावा काढण्याचे साधन बनवू नये. प्लेट गट हा कमीपणा नाही, ती पायरी आहे.

त्याच हंगामात महाराष्ट्राने हजाऱ्यांच्या करंडकाला जवळजवळ हात लावला होता. २८ नोव्हेंबरला अहमदाबादेत उत्तर प्रदेशाविरुद्ध ऋतुराज गायकवाडने एका षटकात सात षटकार मारले. एक चेंडू नोबॉल होता, म्हणून सात. नाबाद २२०. अंतिम सामन्यातही त्याने १०८ धावा काढल्या, पण समोर सौराष्ट्राचा शेल्डन जॅक्सन १३३ धावांवर नाबाद उभा राहिला आणि करंडक राजकोटला गेला.

आणि मग हा करंडक प्रत्यक्ष बडोद्यात आला. जानेवारी २०२५ मध्ये बाद फेरीचे सामने आपल्याकडे झाले, काही मोतीबागेत, बाकीचे हालोल रस्त्यावरच्या नव्या कोटंबी स्टेडियमवर. ११ जानेवारीला मोतीबागेत बडोदे विरुद्ध कर्नाटक, उपांत्यपूर्व फेरी. देवदत्त पडिक्कलचे शतक, कर्नाटक ८ बाद २८१. शाश्वत रावतने १०४ धावा काढून बडोद्याला दाराशी आणले. बडोदे सर्वबाद २७६. पाच धावा! हजाऱ्यांच्या गावात, हजाऱ्यांच्या करंडकात, पाच धावांनी.

त्याच दिवशी कोटंबीला महाराष्ट्राने पंजाबला हरवले आणि १६ जानेवारीला विदर्भाशी उपांत्य सामना खेळला. बडोद्याच्या मैदानावर दोन मराठी संघ, अंतिम फेरीसाठी. विदर्भाच्या ३ बाद ३८० धावांपुढे महाराष्ट्र ६९ धावांनी कमी पडला. विदर्भाचा कर्णधार होता कर्नाटकाने दूर केलेला करुण नायर. त्या हंगामात तो पहिल्यांदा बाद होईपर्यंत ५४२ धावा जमल्या होत्या. आठ डावांत एकूण ७७९, सरासरी ३८९.५०. अशी सरासरी छापताना मुद्रकालाही दशांश चिन्ह चुकल्यासारखे वाटावे. १८ जानेवारीच्या अंतिम सामन्यात तो आपल्याच जुन्या राज्यापुढे उभा राहिला, प्रसिद्ध कृष्णाने २७ वर त्याचा त्रिफळा उडवला आणि कर्नाटकाने ३६ धावांनी पाचवे विजेतेपद घेतले. काही महिन्यांतच करुण नायर इंग्लंडच्या दौऱ्यावर भारताच्या कसोटी संघात परतला होता. गावच्या क्रिकेटला आता कोण विचारतो, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

देवधर करंडकाचे मात्र बरे चाललेले नाही. २०१५-१६ पासून त्याचे विभाग गेले, त्यांच्या जागी भारत ‘अ’, ‘ब’ असे निर्गुण संघ आले. २०१९-२० नंतर तो बंदच पडला. २०२३ मध्ये पुद्दुचेरीला पुन्हा विभागांसह भरला आणि दक्षिणेने जिंकला, जसा १९७३-७४ चा पहिला जिंकला होता. २०२४-२५ च्या वेळापत्रकात त्याला जागा नव्हती. हजाऱ्यांचा करंडक टिकून आहे, कारण त्यात अडतीस संघ आहेत आणि प्रत्येकाला आपापले गाव आहे. देवधर मास्तरांच्या करंडकाला असे गाव राहिले नाही. ‘पश्चिम विभाग’ हरला म्हणून मंगळवार पेठेत किंवा मांडवीत कुणाला जेवण कडू लागत नाही. मोतीबागेतल्या त्या पाच धावा मात्र आपल्याकडे अजून मोजल्या जातात.